निरंक

सात वाजून पाच मिनिटांनी कॉलेजची पहिली घंटा होई आणि सात वाजून सहा मिनिटांनी समाधानचा फोन वाजे. कुठल्यातरी वर्गातल्या कॉम्प्युटरला काहीतरी झालेलं असे. काय झालंय हे फोन करणाऱ्याला धड सांगता येत नसे. कोणामुळे झालंय, याबद्दल मात्र त्याची खात्री असे.

“अहो समाधान, नऊ नंबरमध्ये पडदा उलटा झालाय.”

“उलटा म्हणजे कसा, सर?”

“उलटा म्हणजे उलटा. साठ मुलं माना वाकड्या करून बसलीत. तुम्ही येताय, का मी शीर्षासन करून शिकवू?”

समाधान जाई. कीबोर्डवरच्या तीन कळा एकदम दाबल्या की पडदा सरळ होई. वर्ग टाळ्या वाजवी. ज्याने तो उलटा केलेला असे, तोही वाजवी.

कॉलेज बिबवेवाडीच्या चढावर होतं. तीन मजले, बावीस वर्ग. प्रत्येक वर्गाच्या कोपऱ्यात एक टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि छताला टांगलेला प्रोजेक्टर. ही बावीस यंत्रं सकाळी सातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या हाताखाली असत. सार्वजनिक नळाचं जे होतं तेच त्यांचं होत होतं. प्राध्यापक घरून पेन ड्राइव्ह आणत आणि त्यासोबत घरची रोगराई आणत. कोणी आवाज बंद करून जाई, कोणी पडद्यावर नटीचा फोटो लावी, कोणी माउसच्या पोटावर चिकटपट्टी लावून ठेवी. सरुबाई झाडायला आल्या की मोबाइल चार्ज करायला प्लग मोकळा हवा म्हणून कॉम्प्युटरचा काढत, आणि जाताना परत लावायचं विसरत. मराठी विभागातल्या जुन्या सरांचे धडे जुन्या फॉन्टमध्ये होते. ते उघडले की ‘प्रस्तावना’च्या जागी डॉलरची चिन्हं आणि कंस दिसत. हे सगळं तक्रारवहीत जाई.

तक्रारवही उपप्राचार्यांच्या खोलीबाहेर एका स्टुलावर असे, सुतळीने बांधलेल्या पेनासकट. तारीख, वर्ग, तक्रारीचे स्वरूप, सही. शेवटचा रकाना ‘निराकरण’ हा समाधानचा. चौदा वर्षं तो त्या रकान्यात ‘केले’ एवढाच शब्द लिहीत आला होता.

चौदा वर्षं म्हणजे चौदा करार. एक जुलैला सुरू होणारा, एकतीस मेला संपणारा, अकरा महिन्यांचा. मधला जून कोणाचाच नसे. त्या महिन्यात तो येवलेवाडीच्या घरी पत्रे शाकारी, आईला दवाखान्यात नेऊन आणी आणि फोन जवळ ठेवी. कारण जूनमध्येही फोन येतच, फक्त ते काम म्हणून धरले जात नसत.

संस्थेच्या नियमानुसार करारावरच्या माणसाला कायम करून घ्यायचं तर त्याने बेचाळीस पूर्ण केलेली नसावीत. शाळेच्या दाखल्यावर समाधानची जन्मतारीख एक जून होती. गावात त्याच्या वर्गातल्या चौतीस जणांपैकी एकतीस जण एक जूनलाच जन्मले होते; हेडमास्तरांना तीच तारीख सोयीची वाटे. आई, तुळजाबाई, म्हणे, “तू दिवाळीच्या फुडं झालास, आरं. थंडी पडली व्हती. तुला घोंगडीत गुंडाळून ठिवला व्हता.” पण थंडीचा दाखला मिळत नाही. येत्या एक जूनला तो कागदावर बेचाळीसचा होणार होता, आणि त्यानंतर संस्थेच्या लेखी त्याला कायम करण्याचा प्रश्न मिटणार होता.

म्हणून जुलैत, चौदाव्या करारावर सही करताना, त्याने उपप्राचार्यांना विचारलं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

उपप्राचार्य अनंत आगाशे सदाशिव पेठेतून स्कूटरवर येत. संस्कृत शिकवत. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडे मागायला गेलेल्याला ते आधी त्याच्या वाक्यातली चूक दाखवत आणि मग जमेल तेवढी मदत करत.

“कायम होण्याला माझी हरकत नाही,” आगाशे म्हणाले, “पण ही वही बघा. फेब्रुवारी महिना, एकेचाळीस तक्रारी. व्यवस्थापन मंडळ मला विचारणार, या गृहस्थांना आपण कशाबद्दल कायम करतोय? एकेचाळीस तक्रारींबद्दल?”

“सर, तक्रारी मशीनच्या हायेत. माझ्या न्हाईत.” घाबरला की त्याच्या तोंडात गावची बोली येई.

“वहीवर ‘तंत्रसहायकाची वही’ लिहिलंय. असं करू. दुसऱ्या सत्रात दहाच्या आत आणा. डिसेंबर ते एप्रिल. दहा नाही, दहाच्या आत. मी स्वतः शिफारस लिहितो. शुद्ध मराठीत लिहितो, म्हणजे ते नाकारायला लाजतील.”

घरी कौशल्याला, त्याच्या बायकोला, त्याने हे सांगितलं. ती मार्केट यार्डात एका आडत्याकडे डाळ निवडायला जाई. खडे, किडका दाणा, टरफल वेगळं काढण्यात तिचा हात इतका चाले, की बोलतानाही बोटं मोकळ्या हवेत काहीतरी निवडत असत.

“नऊ चालत्याल म्हंजी?”

“नऊ चालत्यात.”

“मग नवाच्या वर जाऊ देऊ नका,” ती म्हणाली, जणू तक्रार म्हणजे दुधावर येणारा फेस होता आणि गॅस त्याच्या हाताशी होता.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने ते केलं. खराडीत नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्याने त्याला ती युक्ती सांगितली होती. कॉम्प्युटर गोठवायचा. म्हणजे एकदा तो मनासारखा नीट लावून घ्यायचा आणि त्या अवस्थेला कुलूप घालायचं. मग दिवसभर कोणी काहीही करो, फोटो लावो, आवाज बंद करो, रोग सोडो. बंद करून चालू केलं की यंत्र त्या पहिल्या अवस्थेला परत. मधलं सगळं पुसलं जातं. कायमचा बदल करायचा तर आधी सांकेतिक शब्द देऊन कुलूप काढायचं, बदल करायचा, आणि परत गोठवायचं.

रिकाम्या कॉलेजात तो अकरा दिवस एका यंत्रासमोर बसला. जुन्या सरांचे तिन्ही फॉन्ट शोधून घातले. व्हिडिओ चालतील, नकाशे उघडतील, पडद्याची मापं प्रोजेक्टरशी जुळतील असं सगळं एकेक करून तपासलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही तो तिथेच होता. मग त्या एकाची नक्कल बाकीच्या एकवीसांत उतरवली आणि सगळ्यांना कुलूप घातलं. त्याने आयुष्यात एवढी नेटकी गोष्ट दुसरी केली नव्हती. ती कोणाला दाखवता येण्यासारखी नव्हती, कारण ती नीट आहे याचा पुरावा एवढाच होता की काही घडत नाही.

सत्र सुरू झालं आणि सात वाजून सहा मिनिटांनी फोन वाजेनासा झाला. पहिले दोन दिवस तो फोन हातात धरून जिन्यात उभा राहिला. तिसऱ्या दिवशी चहा प्यायला. डिसेंबरात तक्रारी दोन: एक दिवा गेलेला प्रोजेक्टर, एक उंदराने कुरतडलेली वायर.

रोज सकाळी तो बावीसही यंत्रं चालू करून बघे. त्याला त्यांचा हेवा वाटे असं म्हणणं बरोबर होणार नाही. वाटे ते भीतीच्या जवळचं होतं. दिवसभर शंभर हातांनी हाताळलेली वस्तू सकाळी अशी समोर येई, की कालचा दिवस तिच्या अंगावर कुठेच नाही. तो स्वतः चौदा वर्षांचा प्रत्येक दिवस गुडघ्यांत घेऊन तीन जिने चढत होता.

मग एका सरांची डेस्कटॉपवर ठेवलेली प्रश्नपत्रिका रात्रीत नाहीशी झाली. तोंडी सांगून झालं होतं की तिथे काही ठेवू नका, पण तोंडी सांगितलेलं कॉलेजात कोणी ऐकलेलं नसतं. ती तिसरी तक्रार. आगाशेंनी समाधानला बोलावलं.

“लेखी सूचना लावा. प्रत्येक वर्गात. मसुदा आणा.”

समाधानने एका ओळीत लिहून नेलं: ‘संगणकावर फाइल ठेवू नये व संगणकाशी छेडछाड करू नये.’

आगाशेंनी लाल पेन काढलं. “छेडछाड मुलींची करतात, समाधान. संगणकाची नाही. आणि छेडछाड म्हणजे नेमकं काय? उद्या एखादा मुलगा म्हणेल, मी नुसतं बटण दाबलं, ती छेडछाड होते हे मला कोणी सांगितलं? त्याला शिक्षा करता येईल का?”

“न्हाई, सर.”

“जे निषिद्ध आहे ते स्पष्ट लिहिलेलं हवं. नियमाशिवाय दोष नाही. हे कुलूप मुलं कसं काढू शकतील?”

समाधानने सांगितलं. सांगताना त्याला ते बरं वाटत नव्हतं, पण सर विचारत होते आणि टेबलापलीकडून विचारत होते. आगाशे लिहीत गेले. ‘क्लिक’ खोडून त्यांनी ‘टिचकी’ केलं. सात कलमं झाली. चौथं असं होतं: ‘पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील निळ्या कुलपाच्या चित्रावर, शिफ्टची कळ दाबून धरून, दोनदा टिचकी मारू नये.’ आणि पाचवं: ‘त्यानंतर उघडणाऱ्या चौकटीत सांकेतिक शब्द अंदाजाने भरून पाहू नये.’

“सर,” समाधान म्हणाला, “हे वाचून तर पोरांना कळंल.”

“काय कळेल?”

“कसं काढायचं ते.”

“काय करू नये हे कळेल,” आगाशे म्हणाले. “ज्याला वाचता येतं त्याच्यावर आपण विश्वास ठेवला पाहिजे. नाहीतर आपण इथे शिकवतो तरी काय? आणि शब्दावरून आठवलं, तो शब्द काय ठेवलाय तुम्ही?”

त्याने ठेवला होता आईच्या नावाची तीन अक्षरं आणि विकून गेलेल्या शेताचा गट नंबर.

“उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या शेताचा गट नंबर कोणाला विचारायचा? शब्द संस्थेचा हवा, व्यक्तीचा नको. संस्थेचं स्थापना वर्ष ठेवा. कार्यालयातही सर्वांच्या लक्षात राहील.”

स्थापना वर्ष कॉलेजच्या फाटकावरच्या कमानीत होतं. सिमेंटचं, फूटभर उंच, दर प्रजासत्ताकदिनाला रंगवलेलं.

समाधान तेव्हाच ‘नाही’ म्हणू शकला असता का? पुढे त्याने हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला. पण त्याच्या ओळखीच्या कुठल्याही माणसाने अशा खोलीत, अशा टेबलासमोर, हातात करार असताना ‘नाही’ म्हटलेलं त्याने पाहिलं नव्हतं. त्याने मान डोलावली आणि शब्द बदलला. सूचना बावीस वर्गांत लागल्या, प्लास्टिकच्या आवरणात, खाली ‘आज्ञेवरून’, आणि त्याखाली ‘अधिक माहितीसाठी संपर्क: समाधान, तंत्रसहायक’.

दोन महिने त्या निळ्या कुलपाकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता प्रत्येक वर्गात ते कुठे आहे आणि त्याला कसं हात लावायचा नाही हे शुद्धलेखनाच्या नियमांनुसार लिहिलेलं होतं. जानेवारी संपायच्या आत पाच वर्गांतली कुलपं निघाली. नुसती निघाली असती तर चाललं असतं. पोरांनी आपले उद्योग करून यंत्रं पुन्हा गोठवली. म्हणजे आता समाधान बंद करून चालू करी, आणि यंत्र निष्ठेने त्या उद्योगालाच परत जाई. तो एक यंत्र साफ करी तोवर दुसरं गेलेलं असे. त्याने शब्द बदलायची परवानगी मागितली. आगाशे म्हणाले, अर्ज द्या. अर्ज कार्यालयात गेला आणि समिती येऊन गेली तरी कार्यालयातच होता.

समिती फेब्रुवारीत आली. बाहेरगावचे तीन विद्वान, कॉलेजचं मूल्यांकन करायला. त्यांना चालू तास दाखवायचा होता म्हणून तनुजा मॅडमचा भूगोलाचा तास निवडला. त्या तासिकेवर होत्या, म्हणजे जेवढे तास तेवढीच नोकरी. पण त्या शिकवत चांगलं. समाधानने आदल्या संध्याकाळी ते यंत्र स्वतः तपासलं होतं. सकाळच्या पहिल्या तासाला कोणीतरी पुन्हा गाठलं.

मॅडमनी कॉम्प्युटर सुरू केला. भिंतभर पडद्यावर कॉलेजची सूचना आली. तीच, सात कलमांची, फोटो काढून लावलेली. खाली तशाच अक्षरात आठवं कलम होतं: ‘वर्गात शिकवू नये.’

मॅडमनी बंद करून चालू केलं. सूचना परत आली. पुन्हा केलं. परत. समितीतले एक जण हसू आवरण्यासाठी खोकले. मुलं हसली नाहीत. तेवढं भान त्यांना होतं. मॅडमनी खडू घेतला आणि उभ्या उभ्या फळ्यावर भीमेचं खोरं काढलं, उपनद्यांसकट, एकदाही न पुसता. पण समितीने आपल्या वहीत लिहायचं ते लिहिलं होतं.

नंतर खोलीत आगाशे बराच वेळ त्या आठव्या कलमाच्या छापील प्रतीकडे बघत बसले.

“‘शिकवू’चा वू दीर्घ आहे,” ते शेवटी म्हणाले. “मुलगा आपल्याच इथला दिसतो.” मग चष्मा काढून म्हणाले, “किती झाल्या?”

“नऊ, सर.”

“आता एकही नको.”

व्यवस्थापनाने उपाय केला. गुलटेकडीच्या एका वेल्डरकडून बावीस लोखंडी पेट्या करून आणल्या. जाड पत्र्याच्या, करड्या रंगाच्या, पुढे फळी आणि फळीला कुलूप. कॉम्प्युटर, माउस, कीबोर्ड सगळं आत. किल्ल्या समाधानकडे. ज्याला कॉम्प्युटर हवा त्याने आदल्या दिवशी दुपारी तीनच्या आत अर्ज द्यायचा: नाव, वर्ग, तास, प्रयोजन. मग सकाळी किल्ली घ्यायची, सही करायची, तास संपल्यावर समाधानसमोर कुलूप लावायचं, सही करायची.

पहिल्या आठवड्यात अकरा अर्ज आले. दुसऱ्यात चार. तिसऱ्यापासून फक्त तनुजा मॅडमचा, दर मंगळवारचा. एका मंगळवारी पेटीची फळी अडकली. तिचं लाकूड फुगलं होतं की पत्रा वाकला होता, कोणास ठाऊक. समाधान स्क्रूड्रायव्हर घेऊन गुडघ्यांवर बसला. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासातली एकवीस गेली.

“सॉरी, मॅडम.”

“तुमची काय चूक, समाधान? दहा मिनिटं उघडायला, पाच बंद करायला. मधे भारत किती मावणार?” त्या वही आवरत होत्या. “खरं तर हे लिहायला हवं. या पेट्यांमुळे शिकवता येत नाही असं स्वच्छ लिहायला हवं त्या वहीत.”

समाधानच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. नवाचा आकडा सगळ्या कॉलेजाला माहीत होता.

“नाही लिहीत,” त्या म्हणाल्या. “पण मी पण आता अर्ज नाही देणार. फळा बरा.”

“देवासारख्या धावलात, मॅडम.”

“देवबिव काही नाही. तुमचं एकाचं तरी काम होऊ दे.”

मार्चमध्ये तक्रारवहीचं पान कोरं राहिलं. महिनाअखेरीला आगाशेंनी त्यावर आडवी रेघ मारली आणि मध्ये लाल शाईने लिहिलं: ‘निरंक’. एप्रिलमध्येही तसंच. कौशल्याने तो शब्द पहिल्यांदाच ऐकला.

“म्हंजी काय?”

“काय बी न्हाई. शून्य.”

“चांगला शबुद हाय,” ती म्हणाली, आणि बोटांनी हवेतला एक दाणा बाजूला काढला.

त्या दोन महिन्यांत यंत्रं कधी नव्हती इतकी चांगली होती. समाधान रोज सकाळी एकेक पेटी उघडे, यंत्र चालू करी, पडदा उजळेपर्यंत थांबे, बंद करी, कुलूप लावी. त्यांना हात लावणारा जगात तो एकटाच उरला होता. बाहेर तास चालत. खडूचा आवाज येई, कुठे कुठे प्राध्यापक स्वतःच्या फोनवरून काही वाचून दाखवत. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या पेटीवर पोरांनी डबे ठेवून जेवताना त्याने पाहिलं. पेटीची उंची त्याला बरोबर होती. डबा खाणं हे सातातल्या कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

आगाशेंनी शिफारस लिहिली. खरोखरच शुद्ध मराठीत लिहिली, दीड पान. समाधानला वाचून दाखवली. त्यात ‘निष्ठा’ होती, ‘अव्याहत’ होतं, आणि ‘मार्च व एप्रिल या महिन्यांत तक्रारी निरंक’ हे अधोरेखित होतं. आपल्याबद्दल असं काही लिहिता येतं याची त्याला कल्पना नव्हती. ऐकताना त्याने खुर्चीचा हात धरून ठेवला.

उत्तर एकोणतीस मेला आलं. आगाशेंनी त्याला बोलावलं, बसायला सांगितलं, दार लोटून घेतलं. मग कागद त्याच्याकडे न देता स्वतःच वाचला, नेहमीसारखा स्वच्छ, प्रत्येक अनुस्वार उच्चारत:

“‘संदर्भीय प्रस्तावाचे अवलोकन केले. माहे मार्च व एप्रिलमध्ये तक्रारी निरंक असल्याने सदर पदाची आवश्यकता सिद्ध होत नाही. सबब, प्रस्ताव अमान्य. पुढील वर्षीचा करार करण्यात येऊ नये. किल्ल्या सुरक्षारक्षकांकडे सुपूर्द कराव्यात.’”

पंखा फिरत होता. समाधानने विचारलं, “आन् तक्रारी होत्या तवा?”

“तेव्हा तुमची योग्यता सिद्ध होत नव्हती.”

आगाशे हे उपरोधाने म्हणाले नव्हते. वाक्य तोंडून बाहेर पडल्यावर त्यांना ते ऐकू आलं असावं. त्यांनी कागदाकडे पुन्हा पाहिलं, लाल पेन काढलं, पण त्या मजकुरात व्याकरणाची चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी किल्ल्या द्यायच्या होत्या. एजन्सीचा वॉचमन संभाजी, पन्नाशीचा, दम लागलेला माणूस, प्रत्येक वर्गात पाठोपाठ आला. आगाशे स्वतः हजर राहिले. त्यांना राहायची गरज नव्हती. हस्तांतरणाच्या यादीत बावीस ओळी होत्या आणि शेवटच्या रकान्यात अवस्था लिहायची होती. समाधान पेटी उघडी, यंत्र दाखवी, ‘सुस्थितीत’ लिही, किल्ली संभाजीच्या तळहातावर ठेवी.

एकविसाव्या वर्गाबाहेर आगाशेंनी संभाजीला पाणी आणायला पाठवलं. मग जिन्याकडे बघत, कोणाशीच नाही अशा आवाजात म्हणाले, “शेवटच्या ओळीत ‘नादुरुस्त’ लिहा.”

“काय, सर?”

“बावीस नंबरचं यंत्र. नादुरुस्त लिहा. मी खाली सही करतो. म्हणजे जूनमध्ये दुरुस्तीला माणूस लागेल, मी तुमचं नाव सुचवीन. रोजाने का होईना. वयाची अट रोजाला नाही.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने खोट्या कागदावर सही केली नसावी. समाधानला ते कळलं. त्याने यादी भिंतीला टेकवली आणि बाविसाव्या ओळीत लिहिलं: नादुरुस्त. लिहिताना त्याच्या मनात ना लाज होती ना आशा. कौशल्या घरी काय विचारेल एवढंच होतं, आणि तिला सांगायला निदान एक शब्द असेल.

संभाजी पाण्याची बाटली घेऊन आला. यादी घेतली. बोट ठेवून ओळ वाचली.

“हे खराब हाय म्हनता?”

“हो,” आगाशे म्हणाले.

“दावा की येकदा. साहेब, माझ्या हातात द्यायच्या आदी दावा. उद्या म्हनत्याल मीच खराब केलं. माझ्याआदी जो व्हता त्याला पंख्यापायी काढला.”

कोणी हललं नाही. तेव्हा संभाजीने स्वतःच समाधानच्या हातातून शेवटची किल्ली घेतली, बाविसाव्या वर्गात जाऊन पेटीला लावली, फळी पुढे ओढली आणि बटण दाबलं.

यंत्राने अर्ध्या मिनिटात पडदा उजळला. स्वच्छ, निळा, सगळी चित्रं आपापल्या जागी. एवढंच नाही, प्रोजेक्टरही त्याच्याबरोबर जागा झाला आणि रिकाम्या वर्गाच्या भिंतीवर तोच निळा उजेड भरून राहिला.

“चाललंय की हो,” संभाजी खूश होऊन म्हणाला. “झाक चाललंय.”

आगाशेंनी यादी मागून घेतली. लाल पेनाने ‘नादुरुस्त’ एका सरळ रेघेने खोडलं आणि वर बारीक अक्षरात ‘सुस्थितीत’ लिहिलं. खाडाखोड झाली म्हणून समासात स्वतःची आद्याक्षरं घातली, आणि पेन समाधानपुढे धरलं.

“तुमचीही लागतील,” ते म्हणाले.